जमीन गोठण्याआधी: न्यू जर्सीतल्या बागेची आणि पॅटिओची थंडीची तयारी

स्वतःच्या घरातला आमचा पहिला हिवाळा संपला होता आणि एप्रिलच्या एका शनिवारी मी मिरचीच्या वाफ्याला पाणी घालायला बाहेरचा नळ सोडला. होजपाइप नळाला ऑक्टोबरपासून तसाच लावलेला होता. पाणी आलं, पण जोर कमी. पाच-सात मिनिटांत बेसमेंटमधून मुलाची हाक आली. खाली जाऊन बघते तर भिंतीवरून पाणी धो धो उतरत होतं, आणि त्याच भिंतीला टेकून ठेवलेलं गणपतीच्या मखराचं खोकं लगद्यासारखं बसलं होतं. प्लंबरनं तो नळ काढून हातात दिला. आतल्या तांब्याच्या नळीला बोटभर लांब चीर गेली होती, कडा बाहेरच्या बाजूला वळलेल्या, जणू कुणी आतून फाडलीय. ती जानेवारीत कधीतरी गेली असणार. एप्रिलपर्यंत आम्हाला पत्ताच नव्हता.

तेव्हापासून मी थंडीच्या तयारीकडे वेगळ्या नजरेनं बघते. आपल्याला वाटतं की थंडी नुकसान करते. खरं तर बहुतेक नुकसान करतं ते पाणी. गोठताना पाणी सुमारे 9 टक्के फुगतं, आणि त्या जोरापुढे तांबं, भाजलेली माती, काँक्रीट, अ‍ॅल्युमिनियम काहीच टिकत नाही. झाडांचं नेमकं उलट असतं. जमीन गोठली की मुळांना पाणी ओढता येत नाही, पण कोरडा वारा पानांतलं पाणी नेतच राहतो, आणि झाड तहानेनं जातं. म्हणून अंगणात फिरताना दोनच प्रश्न मनात ठेवा. पाणी कुठे अडकून राहणार आहे? आणि पाणी कुणाला लागणार आहे? खाली सांगितलेली जवळपास सगळी कामं या दोन प्रश्नांतून निघतात.

तारखा मी मध्य न्यू जर्सीच्या देते आहे, म्हणजे एडिसन, प्लेन्सबरो, ब्रिजवॉटर हा आपल्या माणसांचा पट्टा. झाडांच्या थंडी सोसण्याच्या सरकारी नकाशात हा भाग झोन 7 मध्ये येतो. इथे पहिला फ्रॉस्ट, म्हणजे पानांवर बर्फाचा पांढरा थर धरतो ती रात्र, साधारण ऑक्टोबरच्या मध्यापासून महिनाअखेरपर्यंत केव्हाही येतो. व्हर्मॉन्ट-मिनेसोटाकडे असाल तर सगळं दोन-तीन आठवडे अलीकडे घ्या, व्हर्जिनियाच्या किनाऱ्याकडे असाल तर तेवढंच पुढे ढकला. आणि एक गोष्ट आत्ताच कॅलेंडरवर लिहा. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी घड्याळं तासभर मागे जातात आणि दुसऱ्या दिवसापासून पाचच्या आत अंधार. ऑफिसातून येऊन बागेत काही करणं मग होतच नाही. हातात राहतात ते फक्त शनिवार-रविवार, तेही पाऊस नसेल तर.

कढीपत्ता, तुळस, मोगरा: सगळ्यात आधी ही मंडळी आत

फ्रॉस्टची वाट बघायची नाही. रात्रीचं तापमान 50 अंश फॅरनहाइटच्या (10 सेल्सिअस) खाली जायला लागलं की आपल्याकडची झाडं आत घ्यायची. इथे ती वेळ सप्टेंबरच्या अखेरीस येते. बरेच जण दसऱ्याला झेंडू अजून फुललेला बघून निवांत राहतात. झेंडू पहिल्या फ्रॉस्टपर्यंत तग धरतो, कढीपत्त्याला मात्र त्याच्या कितीतरी आधी हुडहुडी भरते.

उन्हातून उचलून थेट दिवाणखान्यात ठेवलं तर कढीपत्ता पंधरा दिवसांत पानं टाकतो. आधी दहा-बारा दिवस कुंडी पोर्चच्या सावलीत ठेवा, म्हणजे कमी उजेडाची त्याला सवय होते. मग त्याला आंघोळ घाला. हे काम मी अगदी शब्दशः करते. कुंडीतल्या मातीवर प्लास्टिकची पिशवी बांधायची, झाड आडवं धरायचं आणि पानांच्या खालच्या बाजूनं पाण्याचा फवारा मारायचा. पांढरी माशी आणि लाल कोळी तिथेच लपलेले असतात. खोडावर, विशेषतः पानाचा देठ जिथे फुटतो त्या बेचक्यात, तपकिरी तिळासारखे चपटे ठिपके दिसले तर ते खवले कीड. ते पाण्यानं जात नाहीत, नखानं किंवा जुन्या टूथब्रशनं खरवडावे लागतात. नंतर कीटकनाशक साबणाचं पाणी किंवा नीम तेलाचा पातळ फवारा, आणि आठवड्यानं पुन्हा एकदा. कुंडीत मुंग्या असतील तर कुंडी बादलीभर पाण्यात काठापर्यंत वीस मिनिटं बुडवून ठेवा, त्या वर येतात. एवढा खटाटोप केला नाही तर ही कीड घराच्या उबेत डिसेंबरपर्यंत दुपटी-तिपटीनं वाढते, आणि तेव्हा बाहेर नेऊन धुण्याची सोय नसते.

आत आल्यावर दक्षिणेची खिडकी द्या, पण हीटरच्या गरम हवेच्या झोतापासून लांब. खत बंद, थेट मार्चपर्यंत. पाणी वरची दोन इंच माती कोरडी झाल्यावरच. डिसेंबर-जानेवारीत पानं पिवळी होऊन गळतात, तेव्हा घाबरून जास्त पाणी घालू नका. हिवाळ्यात कढीपत्ता झोपतो, आणि झोपलेल्या झाडाची मुळं ओल्या मातीत कुजतात. मेलाय की झोपलाय हे बघायचं असेल तर नखानं खोडाची साल जराशी खरवडा. आत हिरवं दिसलं तर तो जिवंत आहे, मार्चमध्ये फुटेल.

तुळस मोठी कुंडीसकट आत आणून टिकवणं मला तरी जमत नाही आणि तसा आग्रहही मी धरत नाही. त्याऐवजी सप्टेंबरमध्येच मंजिऱ्या नसलेले चार-चार इंचाचे शेंडे खुडते, खालची पानं काढते आणि पाण्याच्या ग्लासात ठेवते. दहा-पंधरा दिवसांत पांढरी मुळं फुटतात. ती छोट्या कुंडीत लावली की कार्तिकात तुळशीच्या लग्नापर्यंत घरात ताजं, टवटवीत रोप तयार असतं. वाळलेल्या मंजिऱ्या कागदी पाकिटात ठेवा, ते पुढच्या वर्षीचं बी.

मोगरा आणि जास्वंदही याच सुमारास आत. इथे एक सावधगिरी. तुमच्या बागेत 'रोझ ऑफ शेरॉन' नावानं घेतलेली जास्वंद असेल तर ती इथल्या थंडीची सवय असलेली जात आहे, तिला जमिनीतच राहू द्या. जाड चकचकीत पानांची, आपल्याकडच्यासारखी लाल फुलांची असेल तरच आत आणायची.

फ्रॉस्टची रात्र आणि भाज्यांचा वाफा

हवामान खात्याच्या अंदाजातलं तापमान माणसाच्या उंचीवर मोजलेलं असतं. आकाश निरभ्र आणि वारा पडलेला असेल तर जमिनीलगत त्याहून जास्त गारठा असतो. म्हणून अंदाज 36 फॅरनहाइटचा असला तरी मी त्या रात्री 32 धरूनच चालते. मिरची, वांगी, टोमॅटो अजून लागलेले असतील आणि पुढचा आठवडा उबदार दिसत असेल, तर जुन्या सुती साड्या किंवा चादरी संध्याकाळीच झाडांवर अशा टाका की काठ जमिनीला टेकतील. जमिनीतली ऊब आत कोंडायची आहे, म्हणून नुसता शेंडा झाकून उपयोग नाही. प्लास्टिक पानांना चिकटेल असं टाकू नका, चिकटतं तिथली पानं करपतात. सकाळी ऊन आलं की काढून घ्या.

एखाद-दुसऱ्या रात्रीपुरतं हे ठीक. रोज साड्या टाकायची वेळ आली की समजायचं, मोसम संपला. हिरवे टोमॅटो सगळे तोडा. ज्यांच्यावर किंचित पांढुरकी झाक आलीय ते वर्तमानपत्रात गुंडाळून खोलीच्या तापमानाला ठेवले की तीन-चार आठवड्यांत पिकतात. फ्रीजमध्ये ठेवू नका. उरलेल्या कडक हिरव्यांची तीळ, शेंगदाणे आणि हिरवी मिरची घालून चटणी, आमच्याकडे दिवाळीच्या आसपास तीच असते.

दुधी, कारलं, घोसाळ्याचे वेल मांडवावरून काढा आणि मांडवाची जाळी गुंडाळून ठेवा. निरोगी वेल कंपोस्टमध्ये जाऊ देत. करपा आलेली टोमॅटोची झाडं मात्र कधीही कंपोस्टमध्ये टाकू नका, ती पिशवीत भरून कचऱ्यात. घरच्या कंपोस्टला इतकी ऊब येत नाही की रोग मरावा.

मग कंद. अळू, हळद, कर्दळ आणि डेलिया यांची पानं फ्रॉस्टनं काळी पडली की घाई न करता त्याच आठवड्यात खणून काढा. दांडे सहा इंचांवर कापा, गड्ड्याच्या एक फूट लांबून फावडं घाला, माती झटका, सावलीत दोन दिवस सुकवा. डेलिया आणि कर्दळ वाळक्या पीट मॉसमध्ये किंवा लाकडाच्या भुशात पुरून बेसमेंटच्या गार कोपऱ्यात ठेवा, 40 ते 50 फॅरनहाइट त्यांना मानवतं. अळूला त्याहून थोडी जास्त ऊब लागते. महिन्यातून एकदा चाचपून बघा. मऊ, वास येणारा गड्डा लगेच काढून टाका, नाहीतर शेजारचेही जातात. हळदीचं मात्र मी दोन वाटे करते, एक पुढच्या वर्षीसाठी आणि एक ओल्या हळदीच्या लोणच्यासाठी.

रिकामा झालेला वाफा तसाच उघडा सोडू नका. एका भागात लसूण लावा. मला विचाराल तर बागेत नवखं असलेल्या प्रत्येकानं इथून सुरुवात करावी, कारण लसणाला इथली थंडी हवीच असते, तिच्याशिवाय पाकळ्याच सुट्या होत नाहीत. ऑक्टोबरच्या मध्यापासून नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यापर्यंत लावायचा. किराणा दुकानातला गड्डा कुठल्या हवेत वाढलाय ते कळत नाही, म्हणून नर्सरीतून किंवा फार्मर्स मार्केटमधून कडक दांड्याची, हार्डनेक जात घ्या. गड्डा फोडून मोठ्यात मोठ्या पाकळ्या निवडा, टोक वर, दोन इंच खोल, सहा इंचांच्या अंतरानं. वर चार-पाच इंच गवताचा पेंढा किंवा बारीक केलेला पाचोळा. जूनमध्ये कोवळे वळणदार दांडे मिळतात, त्यांची भाजी होते, आणि जुलैत गड्डे.

उरलेल्या वाफ्यावर दोन इंच कंपोस्ट पसरा आणि वर पाचोळ्याचं आच्छादन. माती तपासायची असेल तर हाच काळ चांगला. रटगर्स विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत नमुना पाठवता येतो. इकडची माती बहुतेक ठिकाणी आम्लधर्मी असते, आणि अहवालात चुना सांगितला असेल तर तो आत्ता टाकलेला वसंतापर्यंत मुरतो.

पाचोळा फेकू नका

कागदी पिशव्यांत पाचोळा भरभरून रस्त्याच्या कडेला लावायचा आणि मार्चमध्ये दुकानातून पिशवीतलं मल्च, म्हणजे मातीवर पसरायचं आच्छादन, विकत आणायचं, हे बघून मला दरवर्षी वाईट वाटतं. आपल्याकडे शेतकरी पालापाचोळ्याला खत म्हणतो. इथे तो घरबसल्या पडतो आणि आपण तो देऊन टाकतो.

हिरवळीवर पातळ थर असेल तर दताळं घेऊच नका. कोरड्या दिवशी लॉन मोअर दोनदा वरून फिरवा, पानांचा चुरा होऊन गवतात मुरतो. थर एवढा जाड असेल की खालचं गवत दिसत नाही, तर तो चुरा करून वाफ्यांत आणि झुडपांखाली पसरा. अख्खी ओकची किंवा मेपलची पानं हिरवळीवर हिवाळाभर राहिली तर ओली होऊन चटईसारखी चिकटतात आणि खालचं गवत कुजतं, तेवढं टाळा. तरीही उरलं तर जाळीचं एक तीन फुटी रिंगण करून कोपऱ्यात भरून ठेवा. दीड-दोन वर्षांत काळी, जंगलासारखा वास येणारी माती होते.

गावाच्या गाडीला द्यायचाच असेल तर तुमच्या टाउनशिपचं वेळापत्रक बघा आणि ढीग रस्त्यावरच्या गटाराच्या जाळीपासून लांब करा.

हिरवळीबद्दल दोनच गोष्टी. शेवटची कापणी अडीच-तीन इंचांवर ठेवा. आणि खत टाकायचं राहिलं असेल तर तारीख बघा: 15 नोव्हेंबर ते 1 मार्च या काळात घरमालकांनी हिरवळीला खत टाकण्याला न्यू जर्सीत कायद्यानं बंदी आहे. गोठलेल्या जमिनीत ते मुरत नाही, पावसाबरोबर वाहून ओढ्या-तळ्यांत जातं.

झुडपं, गुलाब, अंजीर: काय कापायचं नाही

शरदात हातात कात्री आली की सगळंच नीटनेटकं करावंसं वाटतं. आवरा. मोठ्या गोल गेंदांची निळी-गुलाबी हायड्रेंजिया पुढच्या वर्षीच्या कळ्या जुन्या फांद्यांवर आत्ताच घेऊन उभी असते. आता कापलीत तर उन्हाळ्यात नुसती पानं. अझेलिया, रोडोडेंड्रॉन, लायलॅक यांचंही तेच. गुलाबाच्या फक्त वाऱ्यानं हेलकावणाऱ्या लांब काड्या आखूड करा, खरी छाटणी मार्चअखेर. एकिनेशिया आणि ब्लॅक-आइड सुझनची वाळकी बोंडं तशीच ठेवा. हिवाळाभर गोल्डफिंच पक्षी त्यातल्या बिया टिपायला येतात, आणि पोकळ दांड्यांत रानमाश्या मुक्काम करतात.

पाणी कुणाला लागणार, या प्रश्नाचं उत्तर इथे आहे. बॉक्सवूड, आर्बरव्हिटी, होली, रोडोडेंड्रॉन अशी बारमाही हिरवी झाडं, आणि या वर्षी लावलेलं कुठलंही झाड. पाऊस धरून आठवड्याला साधारण एक इंच पाणी जमीन गोठेपर्यंत त्यांना मिळायला हवं. मार्चमध्ये वाऱ्याच्या बाजूनं तपकिरी पडलेली आर्बरव्हिटीची रांग दिसते ना, ती बऱ्याचदा नोव्हेंबरमध्ये तहानलेली राहिलेली असते. नळ बंद केल्यावर पाणी द्यायचं असेल तर बादलीनं द्या, पण द्या.

मुळांवर दोन-तीन इंच मल्च पुरे, आणि ते खोडाला टेकवायचं नाही. खोडाभोवती वारूळ करून ठेवलं की आत ओल राहते आणि उंदरासारखे व्होल त्याच्या आडून साल कुरतडतात. खोडाभोवती चार बोटं मोकळी सोडा. कोवळ्या झाडांना ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये हरणांचाही धोका असतो. नर हरणं शिंगं घासून साल सोलतात, म्हणून खोडाला प्लास्टिकची जाळी गुंडाळा.

ट्यूलिप आणि डॅफोडिलचे कंद थँक्सगिव्हिंगपर्यंत लावता येतात, सहा ते आठ इंच खोल. हरणं येत असतील तर फक्त डॅफोडिल लावा, त्याला ती तोंड लावत नाहीत. ट्यूलिप त्यांना फार आवडतात.

अंजीर असेल तर इथल्या जुन्या इटालियन कुटुंबांची पद्धत घ्या, मला ती एका शेजारच्या आजोबांनी दाखवली. पानं गळाली की फांद्या दोरीनं अलगद एकत्र बांधायच्या, भोवती गोणपाट गुंडाळायचा, आत कोरडा पाचोळा भरायचा आणि सगळ्यात वर एक बादली पालथी घालायची. त्या बादलीशिवाय बाकी सगळं व्यर्थ, असं ते म्हणाले होते. वरून पाणी आत उतरलं की पाचोळा भिजतो, गोठतो आणि ऊब जाऊन उलट बर्फाचं वेष्टण होतं.

नळ, स्प्रिंकलर, पन्हाळी: पाणी बाहेर काढणं

हे काम ऑक्टोबरअखेर ते नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत उरका.

सगळ्यात आधी होजपाइप नळावरून काढा. सगळे, मागचा, पुढचा, गराजजवळचा. पाइप उतारावर पसरून पाणी निथळू द्या आणि गुंडाळून आत टांगा. मग बेसमेंटमध्ये जा आणि त्या नळाकडे जाणाऱ्या नळीवरची चावी शोधा. ती बंद करा, वर येऊन बाहेरचा नळ पूर्ण उघडा. पुन्हा खाली या. चावीच्या अंगाला पितळेची एक बारीक टोपी असते, खाली वाटी धरून ती सैल करा. पेलाभर पाणी निथळतं. तेच ते पाणी जे जानेवारीत नळी फाडतं. थेंब थांबले की टोपी घट्ट करा, बाहेरचा नळ मात्र उघडाच राहू द्या.

"आमचा नळ फ्रॉस्ट-फ्री आहे" असं म्हणून बरेच जण हे सोडून देतात. आमचाही होता. या नळाची झडप भिंतीच्या आत, उबदार बाजूला असते, आणि बंद केल्यावर पुढची नळी आपोआप रिकामी होते. पण पुढे होजपाइप लावलेला असेल तर पाणी जाणार कुठे? ते नळीतच अडकतं आणि गोठतं. चीर झडपेच्या पुढे पडते, म्हणून हिवाळाभर गळत नाही. वसंतात नळ सोडला की मग कळतं.

जमिनीतले स्प्रिंकलर असतील तर त्यातलं पाणी कॉम्प्रेसरच्या हवेनं बाहेर काढावं लागतं. यासाठी मी माणूस बोलावते आणि तुम्हीही बोलवावा असं माझं मत आहे. दाब जास्त झाला तर नळ्या फुटतात: लवचीक काळ्या पॉलिथिलिनच्या नळ्यांना 50 पीएसआयच्या वर आणि पांढऱ्या पीव्हीसीला 80 च्या वर जायचं नसतं. हवा चालू असताना तोट्यांवर वाकून बघू नका, मुलांना आत ठेवा. घराबाहेरच्या बॅकफ्लो यंत्राच्या (बागेचं पाणी उलटं घराच्या नळांत येऊ न देणाऱ्या) चाव्या शेवटी अर्धवट, 45 अंशांत तिरक्या ठेवल्यात ना, एवढं तुम्ही स्वतः बघा. ऑक्टोबरच्या सुरुवातीला वेळ घ्या, नंतर कुणी मोकळं नसतं.

पावसाच्या पाण्याचं पिंप रिकामं करून पालथं घाला. काँक्रीटचं पक्ष्यांचं कुंड असेल तर तेही. पन्हाळी मात्र पानं पूर्ण गळाल्यावरच साफ करा, आधी केलीत तर पुन्हा चढावं लागतं. शिडी धरायला दुसरं माणूस हवंच. पन्हाळीच्या उतरत्या नळाचं तोंड घराच्या पायापासून चार-सहा फूट लांब नेणारा तुकडा जागेवर आहे का तेही बघा, नाहीतर ते पाणी पॅटिओवर येऊन काच होतं.

पॅटिओ

इथेही तोच प्रश्न: पाणी कुठे अडकेल?

मातीच्या कुंड्यांपासून सुरुवात करा. भाजलेली माती पाणी पिते आणि गोठली की पापुद्रे सुटतात, नाहीतर सरळ दोन फाका. रिकाम्या करा, कोरड्या करा, गराजमध्ये पालथ्या ठेवा. काचेसारखी चमक असलेल्या सिरॅमिकच्याही. प्लास्टिक आणि फायबरग्लासच्या बाहेर राहिल्या तरी चालतं. कुंडीतच ठेवायचं झुडूप असेल तर लक्षात घ्या, कुंडीतल्या मुळांना जमिनीची ऊब नसते, म्हणून तुमच्या झोनपेक्षा दोन झोन जास्त थंडी सोसणारी जात हवी. अशा कुंड्या घराच्या भिंतीशी एकमेकींना खेटून ठेवा.

खुर्च्या-टेबलांत लपलेला धोका म्हणजे पोकळ पाय. अ‍ॅल्युमिनियमच्या नळीत पावसाचं पाणी शिरतं, पायाशी साठतं आणि गोठून नळी उभी फाटते. खुर्ची उचलून हलवा. आत पाणी डुचमळल्याचा आवाज आला तर पालथी घालून निथळू द्या, पायाखालची भोकं मातीनं बुजली असतील तर काडीनं मोकळी करा. सागवानी फर्निचर बाहेर राहू शकतं. गाद्या धुऊन, पूर्ण वाळवून, झाकणाच्या डब्यात घरात ठेवा. गराजमध्ये उघड्या ठेवल्या तर उंदरांचं बाळंतपण तिथेच होतं. छत्री काढा, आणि काचेचं टेबल वाऱ्याच्या वाटेतून हलवा.

फर्निचर पालथं घातलंच आहे तर खालची बाजू नीट बघा. राखाडी चिखलाचा वाळलेला, इंचभर लांब ओघळ दिसला तर तो चिखल नसतो. ती स्पॉटेड लँटर्नफ्लायची अंडी, एका ओघळात 30 ते 50. ही कीड 2014 मध्ये शेजारच्या पेनसिल्व्हेनियात सापडली आणि 2018 मध्ये न्यू जर्सीत आली. जुन्या क्रेडिट कार्डानं खरवडून ती हँड सॅनिटायझर घातलेल्या पिशवीत टाका आणि तोंड बांधा. नुसती जमिनीवर पाडली तर त्यातली बरीच पुढे फुटतात. ग्रिलच्या मागे, कुंपणाच्या फळ्यांवर, रचलेल्या सरपणावर, झाडाच्या खोडावरही बघा.

पेव्हरवरची (पॅटिओच्या फरशीच्या विटांवरची) पानं झाडून टाका, ओली पडून राहिली तर त्यांचे तपकिरी डाग उमटतात. फटींमधली वाळू निघून गेली असेल तर तिथे पाणी शिरतं, गोठतं, आणि फरशी वर उचलली जाते. सांध्यांची पॉलिमरची वाळू भरायला कोरडे, न गोठणारे दोन दिवस लागतात, म्हणजे हे काम ऑक्टोबरमध्येच.

बर्फ वितळवायच्या मिठाचा विचारही आत्ताच करा, वादळाच्या आदल्या रात्री दुकानात हाती येईल तेच घ्यावं लागतं. साधं खडेमीठ स्वस्त, पण साधारण 15 फॅरनहाइटच्या खाली ते फारसं चालत नाही, काँक्रीटची साल काढतं आणि कडेच्या झाडांची मुळं जाळतं. या वर्षीच ओतलेल्या काँक्रीटवर पहिल्या हिवाळ्यात कुठलंच मीठ टाकू नका, नुसती वाळू टाका, पाय घसरत नाही. जुन्या फरशीला कॅल्शियम मॅग्नेशियम अ‍ॅसिटेट हा महाग पण सौम्य पर्याय आहे.

गॅसच्या ग्रिलचा सिलिंडर बंद करून काढा, पण गराजमध्ये किंवा बेसमेंटमध्ये कधीही नेऊ नका. तो बाहेरच, उभा, दारं-खिडक्यांपासून लांब. ग्रिलच्या जाळ्या घासून, तेलाचा पुसट हात देऊन झाकण घाला, नळ्यांची तोंडं फॉइलनं झाका म्हणजे कोळी जाळं करत नाही.

शेवटचा शनिवार

मोअरच्या टाकीत पेट्रोल राहणार असेल तर त्यात स्टॅबिलायझर घालून पाच-दहा मिनिटं चालवा. बॅटरीचा असेल तर बॅटरी घरात आणा. द्रवरूप औषधं, रंग, नीम तेल हेही आत. फावडं, खुरपं, कात्री मातीविरहित करून तेलाचा हात द्या. मग बर्फाचं फावडं गराजच्या मागच्या कोपऱ्यातून पुढे आणा. पहिला बर्फ पडल्यावर सात वस्तू बाजूला करून ते काढायची वेळ येऊ नये.

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात, जमीन वरून कडक झाली की, लसणाच्या वाफ्यावरचा पेंढा वाऱ्यानं उडालाय का बघा आणि गुलाबांच्या बुडाशी आठ-दहा इंच कंपोस्टचा ढीग घाला. हा ढीग आधी घालायचा नाही. जमीन एकदा गोठल्यावर ती तशीच गोठलेली राहावी, मधल्या उबदार दिवसांत वितळून-गोठून मुळं वर उचलली जाऊ नयेत, यासाठी तो असतो.

आणि एप्रिलमध्ये बाहेरचा नळ पहिल्यांदा सोडाल तेव्हा दोघं जण हवेत. एकानं बेसमेंटमध्ये त्या भिंतीसमोर टॉर्च घेऊन उभं राहायचं. बाहेरचा नळ बंद करून आधी आतली चावी हळूहळू उघडायची. मग वरच्यानं नळ सोडायचा, तोटीवर अंगठा दाबून दाब वाढवायचा आणि मिनिटभर तसंच थांबायचं. खाली भिंत कोरडी राहिली, की मगच होजपाइप लावा.